वायू की आधण?

सन १९९८, मार्गशीर्ष मास, हेमंत ऋतू. एक विधुर गृहस्थ आपल्या घरी एकटेच राहत होते. एकुलती कन्या नागपुरास नोकरीला. "सोड ती नोकरी, घरी ये," असे ते तिला दिवसातून तीनदा फोनवर बजावीत. अखेर तिने फोन उचलणेच सोडले.

रिकाम्या घरात काही हालचाल असावी, म्हणून त्यांनी पाण्यापासून हायड्रोजन वायू काढण्याचे यंत्र रचले: काचेची बरणी, पोलादी पट्ट्या, पाण्यात थोडा क्षार, विजेचा दाब कमीअधिक करणारी कळ आणि वीज किती वाहते ते दाखवणारा काटा. बुडबुडे आले. अधिक यावेत म्हणून त्यांनी कळ शेवटपर्यंत फिरवली. बरणी खळखळू लागली. मोठ्या हर्षाने त्यांनी आपल्या वृद्ध गुरुजींना बोलावून आणले.

गुरुजींनी बरणीची नळी थंड पाण्याच्या पेल्यात बुडवली. पेल्यात मोजकेच बुडबुडे वर आले.

"गुरुजी, एवढा वायू गेला कुठे?"

"एवढा वायू होताच कुठे? ही वाफ, थंड पाण्यात तिचे पुन्हा पाणी झाले! अरे, तू आधण ठेवलेस. आता तांदूळ वैर, भात तरी होईल."

शिष्य खजील झाला. गुरुजी सौम्यपणे म्हणाले, "पाणी तापले की त्याचा विजेला होणारा विरोध घटतो. मग तू कळ हलवली नाहीस तरी ते अधिक वीज ओढते, आणखी तापते. म्हणून काटा चढू लागला की दाब आपणच उतरवावा." मग फोनकडे पाहून म्हणाले, "मुलीला आज कितीदा केलास?"

"तीनदा."

"उचलला?"

शिष्याने नकारार्थी मान हलवली.

"तिथेही आधणच."

त्यानंतर रोज सायंकाळी शिष्य कळीवर बोट ठेवून काट्याकडे पाहत बसे. काटा रेघभर चढला की दाब रेघभर उतरवी. फोनला त्याने हात लावला नाही. घर पूर्वीहून अधिक निःशब्द झाले.

एके सायंकाळी काटा तासभर एकाच रेघेवर स्थिर राहिला. पेल्यात बुडबुडे संथ, सारखे येत होते. इतक्यात फोन वाजला.

"बाबा, तुमचा फोन नाही... बरे आहात ना?"

'नोकरी' हा शब्द ओठांवर आला. त्यांनी तो तेथेच उतरवला.

"बरा आहे. तुझे काम कसे चालले आहे?"

ती अर्धा तास बोलली. शेवटी आपणहून म्हणाली, "संक्रांतीला येते."

तो दिवस पौष शुद्ध पंचमी, बुधवार.