दोन मुठींचा बार

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात, जंगलाला लागून एक वाडी होती. त्या वाडीत एक पिसाळलेला हत्ती शिरू लागला. आधी त्याने केळी मोडल्या, मग गोठे पाडले. एका सकाळी पाणवठ्यावर गेलेली बाई परत आली नाही, तेव्हा लोकांनी राजाकडे धाव घेतली.

राजाने दोन बंदुका पाठवल्या. दोन्ही ठासणीच्या, एकाच कारागिराच्या हातच्या. एवढ्या रुंद नळीची बंदूक वाडीत कुणी पाहिली नव्हती. सोबत शिशाच्या जाड गोळ्या होत्या. बंदुकीची दारू वाडीने बाजारातून आणायची होती. पण ती किती भरायची, हे कुणीच सांगून पाठवले नव्हते.

वाडीत शिकारी दोघेच: सोनबा आणि त्याचा मेहुणा रायाजी. रायाजी म्हणजे सोनबाच्या बायकोचा, तुळसाचा धाकटा भाऊ. अंगाने धिप्पाड, मनाने उतावळा.

पारावर माणसे जमली. कुणी म्हणाले, नेहमीच्या बाराच्या दुप्पट भरा. पाटील म्हणाले, चौपट. तेवढ्यात वाटेने जाणारा एक शिपाई पाणी प्यायला थांबला होता, तो हसून म्हणाला, "अहो, दोन मुठी दारू आणि वर गोळी! अशाच बंदुकीने आमच्याकडे हत्ती लोळवलाय."

"तुम्ही स्वतः भरली होती?" सोनबाने विचारले.

"मी नाही. पण सगळे असंच सांगतात."

शिपाई पाणी पिऊन निघून गेला. रायाजीला त्याचे बोलणे पटले. सोनबा म्हणाला, "ज्यानं ही नळी घडवली, त्याला विचारून येतो."

तुळसा दारात आडवी उभी राहिली. "हत्ती उंबऱ्यापाशी आलाय आणि तुम्ही घाट उतरून चाललात? लोक भेकड म्हणतील, आणि मीही!"

"म्हणू दे," सोनबा म्हणाला. पण पाराजवळून जाताना त्याने मान वर केली नाही.

कारागीर घाटाखाली राहत होता. जन्मभर बार उडवून पाहिल्याने त्याचे कान गेले होते. सोनबाला ओरडून ओरडून सगळे सांगावे लागले. म्हाताऱ्याने सोनबाने सोबत आणलेली दारू तळहातावर घेतली, बोटाने चोळली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही फार बारीक आहे. बारीक दारू भडकन पेटते. जाड दारूचं माप हिला लावशील तर नळी फुटेल."

"मग किती भरू?"

"सुरुवात सांगतो," म्हातारा म्हणाला आणि त्याने एका शिंगाच्या पेल्यात थोडीशीच दारू ओतून दाखवली. "एवढीच. बंदूक ओंडक्याला बांध, चापाला लांब दोरी लाव, दगडाआड बस. बार उडाला की नळी तपास. धड असेल तर चिमूटभर वाढव. गोळी लाकडात खोल रुतली की थांब. त्यापुढं हाव धरू नकोस."

सोनबा परतला आणि त्याने तसेच केले. पहिला बार फुसका निघाला. माणसे खदखदून हसली. सोनबाने नळी पुसली, हात फिरवून पाहिली, चिमूटभर वाढवले. पुन्हा बार, पुन्हा तपासणी. शेवटी गोळी फणसाच्या बुंध्यात खोल घुसली, तेव्हा तो थांबला. त्याने बंदूक सोडवली आणि तेवढेच माप ठासले.

त्याच वेळी केळीच्या बागेतून चीत्कार ऐकू आला.

माणसे सैरावैरा पळाली. रायाजीने आपली बंदूक उचलली आणि बुधल्यात हात घातला. एक मूठ. दोन मुठी.

"रायाजी, नको! दारू बारीक आहे!"

"दाजी, तुमची मापं आता राहू द्या!"

त्याने चाप ओढला. डोंगर हादरला. धूर विरला तेव्हा रायाजी जमिनीवर पडला होता आणि नळी केळीच्या सालीसारखी उलगडली होती.

आवाजाने बिथरलेला हत्ती सोनबाच्या दिशेने वळला. हा एवढा डोंगर, आणि आपला बार एवढासा! त्याचा हात बुधल्याकडे गेला. अजून एक चिमूट... मग त्याने हात मागे घेतला. बार कमी वाटत असेल तर हत्तीला जवळ येऊ द्यावे लागेल, दुसरा उपाय नव्हता.

तो उभा राहिला. धूळ तोंडावर उडू लागली. हत्तीच्या पापणीचे केस दिसू लागले, तेव्हा त्याने चाप ओढला.

हत्ती त्याच्या पायांपाशी कोसळला. बंदूक जशीच्या तशी होती.

रायाजी वाचला, पण त्याचा उजवा डोळा आणि अंगठा गेला. तुळसा त्याच्या उशाशी बसून राही आणि सोनबाकडे बघायचे टाळी. एका संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "तुम्हाला भेकड म्हणाले मी." सोनबाने तिच्या हातातला काढा घेतला आणि तो रायाजीला पाजला.

पुढे वाडीतल्या लोकांनी त्या शिपायाला बरेच शोधले. तो कुठल्या गावचा, कुणाच्या पदरी, कुणालाच माहीत नव्हते. दोन मुठी सांगणारा दोन्ही डोळ्यांनी जग पाहत कुठेतरी सुखाने हिंडत होता.

तात्पर्य: ज्याच्या सांगण्यावर जीव सोपवायचा, त्याला ते कशावरून ठाऊक आहे, हे आधी विचारावे.