ओट्यावरचा स्पीकर

"पण ती म्हणते तरी काय, बुवा?"

भरदुपारी जाड पडदे ओढून अंधारलेल्या त्या खोलीत अचलबुवा डोळे मिटून बसले होते. झोपले होते की ऐकत होते, हे इतक्या वर्षांच्या शिष्यत्वानंतरही मुकुंदाला ओळखता यायचं नाही.

बुवा नदीकाठच्या मठीतून वर्षातून एकदा मुकुंदाकडे जेवायला येत. आज पानं मांडून झाली होती. वसुधेने, म्हणजे मुकुंदाच्या बायकोने, आतून दोनदा हाक मारली होती. "थांब गं जरा," म्हणून त्याने ती उडवून लावली. गुरूंना आधी होम थिएटर दाखवायचं होतं ना.

दाखवण्यासारखं होतंच म्हणा. कुठून कुठून हुडकून आणलेला जुना व्हिडिओ कॅसेट प्लेयर, त्यातून लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरी ॲम्प्लिफायरला, तिथून पाच स्पीकर, शिवाय कोपऱ्यात धमधमणारा एक खोका. आणि एकही वायर दिसत नव्हती. याचा तर त्याला कोण अभिमान!

एवढा खटाटोप एका कॅसेटसाठी होता. मुकुंदा लहान असताना मामाने ती याच घरात काढलेली. ओसरीवर मुलं कॅरम खेळतायत, मामा हसतोय, आणि मागून आई काहीतरी म्हणते. चित्रात ती कुठेच नाही. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. तिचा तेवढाच आवाज जगात उरला होता, आणि त्यातला एक शब्द त्याला लागत नव्हता.

"पाची स्पीकरांतून घुमवून पाहिला, बुवा. चारी बाजूंनी आई आहे..." मुकुंदाने खोलीभर हात फिरवून दाखवला. "आणि कुठेच नाही."

"कुठे असायची?"

"कोण?"

"आई."

"आत. स्वयंपाकघरात. कायम आतच."

बुवा उठले. टीव्हीखालचा मधला स्पीकर उचलून त्यांनी काखेत मारला आणि आत निघाले.

"बुवा, वायर पुरायची नाही..."

"मग जोड."

मुकुंदाने मुकाट्याने दुसरी वायर जोडली. जमिनीवरून, उंबऱ्यावरून ती उघडी आत गेली. अगदी भिकार दिसत होती. वसुधेने काही न विचारता पोळ्यांचा डबा सरकवला आणि ओट्यावर स्पीकरला जागा करून दिली.

"बाकीचे बंद कर. पडदे उघड. तो टीव्हीही घालव."

"चित्राशिवाय?"

"ती चित्रात आहे का?"

मुकुंदाने कॅसेट लावली आणि तो सतरंजीवर टेकला. खोलीभर पिवळं ऊन सांडलं होतं. कॅरमच्या सोंगट्यांची टकटक ओट्यावरून येऊ लागली, तेव्हा त्याला हसू आलं. मग मामा हसला. मग...

शब्द होते तितकेच पुसट होते. पण आमटीच्या वासातून, उंबऱ्यावरून तो आवाज आला, आणि मुकुंदाच्या तोंडून आपसूक निघून गेलं,

"आलो गं."

मग त्याला कळलं, तिने जेवायला हाक मारली होती. तो हसला, आणि डोळे भरून वाहू लागले. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

कॅसेट नुसतीच फिरत राहिली. ऊन सतरंजीवरून थोडं सरकलं. आत वसुधा गार होत चाललेल्या ताटांवर ताटं झाकत होती.

"पुन्हा लावू, बुवा? एकदाच..." त्याचा हात प्लेयरकडे गेला.

बुवांनी तो हात हातात घेतला.

"आलो म्हणालास ना... मग जा."