भेकरवाडीची हजेरी

या, इकडून वर या. पायऱ्यांना शेवाळ आहे, जरा जपून.

ही समोरची काचेची इमारत म्हणजे आताची शाळा. बावीस देशांची मुलं इथं शिकतात. पण येणारे पाहुणे आधी त्या पत्र्याच्या लांबलचक शेडकडे बोट दाखवतात आणि विचारतात, एवढ्या देखण्या आवारात हे सिमेंटचं गोदाम कशाला ठेवलंय? पहिलीचा वर्ग अजून त्या गोदामातच भरतो. का, ते सांगते. मी हौसाबाई, शेलारांची लेक. या शाळेच्या स्वयंपाकघरात माझी तीस वर्षं गेली. यातलं काही मी पाहिलेलं आहे, काही मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं.

खाली पाणी दिसतंय ना, तिथं आमचं गाव होतं, भेकरवाडी. काळंबी नदीवर धरण बांधायचं ठरलं आणि गाव उठवून या पठारावर आणलं. घरांसाठी पत्रे मिळाले. शाळा मात्र मिळाली नाही. पुढच्या वर्षी होईल, असं साहेब लोक सांगत राहिले. आम्ही एकतीस पोरं दोन वर्षं नुसती गुरांमागं फिरत होतो.

आमच्या बाई होत्या अनसूयाबाई गुरव. सातवीची फायनल पास झालेल्या, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र पार नदीपर्यंत जाणारा. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. शाळा बंद झाली तरी त्या रोज सकाळी धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या पोराला पाढा विचारायच्या.

धरणावर परदेशी इंजिनिअर आले होते. इटलीचे, स्वीडनचे, जर्मनीचे, जपानचे. त्यांची कॉलनी इथंच होती, भोवती काटेरी तारेचं कुंपण. बायकामुलं बरोबर होती. पण कंपनीचा नियम असा की मूल सात वर्षांचं झालं की त्याला मायदेशी वसतिगृहात धाडायचं, कारण इथं शाळा नाही. बोगद्याच्या इटालियन इंजिनिअरची बायको होती लुचिया. आमच्या बायका तिला लुशाबाई म्हणायच्या. तिची मुलगी नीना त्या पावसाळ्यात सात वर्षांची व्हायची होती. दिवाळीच्या आधीच्या बोटीचं तिकीटसुद्धा आलं होतं. ते आलं त्या दिवसापासून लुशाबाई नीट जेवली नाही, असं तिच्याकडे काम करणारी गंगू सांगायची.

लुशाबाईनं बाकीच्या आयांना जमवलं. आपणच शाळा काढू, म्हणाली. सगळ्यांना पटलं. पण शिकवायचं कुठल्या भाषेत, यावर आठ दिवस वाद झाला म्हणे. जर्मन बाई जर्मनवर अडून बसली, स्वीडिश बाई उठून गेली, जपानी बाई शेवटी रडली. आणि बाहेर अंगणात त्यांचीच पोरं गोट्या खेळत होती. स्वीडनचा पोरगा जपानी पोरीला म्हणत होता, "ए, माझी गोटी हाय, दे की." ती म्हणाली, "न्हाई द्यायची. तू रडी खाल्लीस." लुशाबाई खिडकीत उभी राहून ऐकत राहिली. ही बोली पोरांना गंगूनं आणि माळ्यानं दिली होती. त्यांच्यात सगळ्यांना येणारी भाषा तेवढी एकच होती.

तिनं गंगूला विचारलं, "तुमच्यात शिकवतं कोण?"

गंगू तिला अनसूयाबाईंच्या ओट्यावर घेऊन आली. लुशाबाईनं मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगितलं. अनसूयाबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "येते मी. पण माझी एकतीस पोरं आहेत. ती तुमच्या पोरांशेजारी बसतील. मग येते."

कंपनीच्या मोठ्या साहेबानं नकार दिला. कामाच्या माणसांखेरीज गावातलं कुणी कुंपणाच्या आत येणार नाही, असा नियम होता. निरोप आला तेव्हा बाई तांदूळ निवडत होत्या. "मग राहू द्या," एवढंच म्हणाल्या. गावातल्या पुष्कळांना ते बरंच वाटलं. आमचे सरपंच बोललेच, "ज्यांनी आपली शाळा पाण्यात घातली त्यांची पोरं शिकवायला तुम्ही का जाता, बाई?" बाई म्हणाल्या, "पोरांनी कुठं घातली, आबा?"

श्रावणात धरणाचं पाणी चढायला लागलं. जुनी शाळा आठवडाभरात बुडणार हे कळलं. शाळेच्या कपाटात हजेरीपट होता. सरकारी दप्तर आहे, आमचा माणूस येऊन नेईल, असं कचेरीनं बजावलं होतं, म्हणून बाईंनी तो हलवला नव्हता. माणूस आलाच नाही. बाई काठावर जाऊन तराफा मागत होत्या, पण त्या पाण्यात जायला कुणी धजेना. गंगूनं हे लुशाबाईला सांगितलं. लुशाबाईनं नवऱ्याकडून कंपनीची लाँच मागून घेतली आणि बाईंना बसवलं. नीना आईला सोडेना, म्हणून तीही बरोबर गेली. लाँच चालवायला आमचा चुलता होता, पुढचं त्यानं सांगितलेलं.

शाळेच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. आत गुडघाभर पाणी. बाईंनी कपाट उघडलं, हजेरीपट काढला, पदरानं पुसला. आता निघायचं, तर बाई निघेनात. फळ्यापुढं उभ्या राहिल्या, हजेरीपट उघडला आणि रोजच्या आवाजात नाव घेतलं, "आनंदी भिकू सपकाळ."

कोण बोलणार? भिंतींवर नुसतं पाणी आपटत होतं. बाई थांबल्या. हजेरी घेताना त्या नेहमीच थांबायच्या, उत्तर येईपर्यंत पुढचं नाव घ्यायच्या नाहीत. दारात नीना आईच्या कडेवर होती. आमची पोरं खेळताना शाळा-शाळा करायची, कुंपणाच्या तारेतून तिनं ते पाहिलेलं. ती पोर म्हणाली, "हाय, बाई."

बाईंनी मान वर केली नाही. पुढचं नाव घेतलं. "कोंडाजी रावजी मोरे."

"हाय, बाई."

एकतीस नावं झाली. एकतीस वेळा ती पोर बोलली. चुलता सांगायचा, तेवढ्या वेळात पाणी बाईंच्या मांडीपर्यंत आलं होतं आणि त्याला हाक मारायचा धीर झाला नाही. काठाला उतरल्यावर लुशाबाईनं बाईंचा हात धरला. "तुमची शाळा आम्ही बुडवली," म्हणाली. बाई म्हणाल्या, "हो." हात मात्र सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुशाबाई कुंपणाच्या फाटकाशी आली. बरोबर ती जर्मन बाई, स्वीडिश बाई आणि जपानी बाई. फाटक त्यांनी स्वतः उघडलं आणि बाईंना आणि आम्हा पोरांना आत बोलावलं. मी आठ वर्षांची होते, पायांना चिखल होता, आत जायला लाजत होते. सिमेंटचं हे गोदाम अर्धं रिकामं होतं. पोत्यांवर आम्ही बसलो, एक आपला, एक त्यांचा, असे. मोठा साहेब आला. लुशाबाई त्याला म्हणाली, "ही शाळा बंद केलीत तर आम्ही चौघी मुलांबरोबर त्याच बोटीनं जाऊ. मग नवऱ्यांना इथं कसं ठेवायचं ते तुम्ही बघा." साहेबानं दारातून पोत्यांवरची पोरं पाहिली. मग बाईंना विचारलं, "काय हवंय?" बाई म्हणाल्या, "फळा."

नीना त्या बोटीनं गेली नाही. सकाळी बाई मराठी आणि गणित शिकवायच्या, दुपारी एकेक आई आपापली भाषा. इंग्रजी पुढं आली. धरण पुरं झालं, ती माणसं गेली, तोवर शाळेचं नाव झालेलं. मग शहरांतल्या कारखान्यांतले परदेशी लोक मुलं इथं ठेवायला लागले. बाईंनी बावीस वर्षं शिकवलं. सरकारी माणूस हजेरीपट न्यायला शेवटपर्यंत आला नाही.

आजही जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा नव्या हजेरीआधी ती एकतीस नावं वाचतात, आणि प्रत्येक नावाला पहिलीतलं कुणी ना कुणी उठून उत्तर देतं. कुणी उठायचं ते ठरलेलं नसतं, ज्याला वाटेल तो उठतो. नव्या पालकांना वाटतं, मुलं इंग्रजीत हाय म्हणतायत. औंदा मी पोह्यांचं पातेलं घेऊन गोदामाच्या दाराशी उभी होते. नव्या बाईंनी वाचलं, "हौसा गणू शेलार." कोरियाचा एक चष्मेवाला पोरगा उठला, आदल्या दिवशीच आलेला, अजून कुणाशी बोललाही नव्हता. त्यानं हात वर केला आणि नीट, स्पष्ट म्हणाला, "हाय, बाई."

मी पातेलं खाली ठेवलं आणि त्याला आधी वाढलं.