चेंबरचा नट

"यातला कधीच न सुटणारा कोणता?"

हेरवाडकर साहेबांनी रुमाल उघडून बाकावर पसरला. आत चार नट होते. एक पोलादी, एक पितळी, एकाच्या टोकाला लोहचुंबक, आणि एक नेहमीपेक्षा अंमळ जाड.

दस्तगीर मिस्त्रींनी नटांकडे पाहिलंच नाही. ते उकिडवे बसून गाडीखाली बघत होते. गाडीच्या पोटातून नवंकोरं तेल ठिपकत होतं. एक थेंब... मग बराच वेळ काही नाही... मग दुसरा.

"सोताच बदललासा ऑइल?"

"स्वतःच. मोबाइलवर बघून. गॅरेजवाल्यांवर माझा विश्वास नाही."

हे त्यांनी गॅरेजात बसून गॅरेजवाल्यालाच सांगितलं. मिस्त्री नुसते हसले. या माणसाला राग येत नाही, अशी अख्ख्या गडहिंग्लजची त्यांच्याबद्दल तक्रार आहे.

हेरवाडकर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू तपासले. माणूस सरळ, पण दुसऱ्याला जाच होईल इतका सरळ. मी माझ्या स्कूटरच्या कामासाठी ताटकळत बसलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानावर पडलं.

"तेल सोडायचा नट किती आवळलासा?" मिस्त्रींनी विचारलं.

"जेवढा आवळता आला तेवढा."

"मग?"

"मग जेवायला बसलो. पण घास उतरेना. नट सैल राहिला असेल तर? उठलो, गाडीखाली शिरलो, परत आवळला."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी पान्याला पाइप लावून आवळला."

मिस्त्रींनी मान वर केली.

"तेव्हा हाताला एकदम हलकं लागलं," हेरवाडकरांचा आवाज जरा खाली आला. "मग नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळून बसवला. तरी गळतंय."

"भोकातले आटे गेले."

"ते मलाही कळलं. म्हणून तर चार दुकानं पालथी घालून हे आणलेत. मला वाटतं, हा पोलादी सगळ्यात दणकट."

मिस्त्रींनी पोलादी नट उचलला, तळहातावर उडवून पाहिला.

"ह्यो पोलादाचा. आन् ज्यात बसवायचा ते चेंबर अल्युमिनियमचं," त्यांनी इंजिनाच्या तळाशी असलेल्या, तेल साठवणाऱ्या भांड्यावर टिचकी मारली. "दोघांची जुंपली तर कोण मोडंल?"

"...चेंबर."

"नट बाजारात ढिगानं मिळत्यात साहेब. चेंबर तसं मिळत न्हाई."

"म्हणून तर विचारतोय. यातला न सुटणारा कोणता?"

"कदीच सुटू नये?"

"एकदा बसवला की जन्मात सुटता कामा नये."

"पक्कं?"

"पक्कं."

मिस्त्री उठले. कोपऱ्यातली वेल्डिंगची केबल ओढत आणली. डोळ्यांवर काळी काच चढवली आणि म्हणाले,

"सरका जरा."

"हे काय?"

"वेल्डिंग मारतो. नट आन् चेंबर येकच करून टाकतो. जन्मात सुटायचा न्हाई. येक थेंब गळायचा न्हाई."

हेरवाडकर घाईघाईनं गाडी आणि मिस्त्री यांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"अहो, मग आतलं तेल बाहेर कसं काढायचं?"

"काढायचंच न्हाई."

"तेल काळं होतं. धातूचा कीस साठतो. सहा महिन्यांत इंजिन बसेल."

"बसंल की."

"मिस्त्री, तुम्ही चेष्टा करताय."

मिस्त्रींनी काच डोळ्यांवरून वर सरकवली. चेहरा चेष्टेचा नव्हता.

"तुमीच मागितलासा," ते म्हणाले.

हेरवाडकर बाकावर बसले. रुमालातले नट त्यांनी एका रांगेत लावले. मग उगाचच पुन्हा लावले.

मिस्त्रींनी केबल गुंडाळून ठेवली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. आपल्या बाटलीतलं पाणी पुढं केलं.

"गाडी कुणासाठी?"

"गाडी माझी आहे. आरसी बुक दाखवू?"

"सोतासाठी माणूस येवढं आवळत न्हाई."

...

रस्त्यावरून ऊस भरलेला एक ट्रॅक्टर गेला, तेवढाच आवाज.

"मुलीसाठी," शेवटी हेरवाडकर म्हणाले. "केतकी. निपाणीला असते. पडून हाडं मोडलेल्यांकडून घरोघरी जाऊन व्यायाम करून घेते. दिवसभर फिरतीवर. आता पदरात सात महिन्यांचं बाळ आहे."

"गाडी पायजेच मग."

"दोन वर्षांपूर्वी मी तिला स्कूटर दिली होती. नवी. तिनं टेम्पोत घालून परत पाठवली."

"का बरं?"

"मी फोन करायचो."

"बापानं फोन केला तर काय बिगडलं?"

"चाकात हवा बघितलीस का, विचारायचो. ब्रेक तपासलास का. स्टँडवर नीट लावलीस का. बाकी काही नाही."

"रोज?"

"सकाळी एकदा. संध्याकाळी एकदा." हेरवाडकर थांबले. "आणि ती कुठं निघायची असेल तर त्याच्या आधी एकदा."

मिस्त्री हसले नाहीत. मला हसू येणार होतं, पण पुढचं ऐकल्यावर ते घशातच राहिलं.

"किल्लीबरोबर चिठ्ठी होती. 'बाबा, स्कूटर तुमचीच आहे.' एवढंच. त्यानंतर ती फक्त आईशी बोलायची. मी फोन उचलला की म्हणायची, आईला द्या."

"हं."

"गेल्या रविवारी तिनं आपणहून मला फोन केला. म्हणाली, बाबा, जुनी गाडी दारात नुसती उभी असते, मला द्याल का? दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काहीतरी मागितलं, मिस्त्री. उद्या सकाळी न्यायची आहे. म्हटलं, जुनं तेल तरी कशाला द्यायचं, बदलून देऊ..."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हीसुद्धा परत आली तर ती पुन्हा काही मागायची नाही."

मला त्या माणसाची मनापासून दया आली. तराजूत कुणाला मासाभर इकडचा तिकडं करू न देणारा माणूस, आणि स्वतःच्या लेकीशी किती बोलावं याचं माप त्याच्याजवळ नव्हतं.

मिस्त्रींनी रुमालातला जाड नट उचलला.

"ह्यो चालंल. जुनं आटे गेल्यात, ह्यो आपलं नवं पाडत जातोय. पर बसवायचा तुमी."

"मी? मीच तर बिघडवलं."

"म्हणूनच."

खाली घमेलं ठेवून मिस्त्रींनी तेल काढून घेतलं. चेंबरच्या भोकात चिंधी फिरवली. मग भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेला पाना काढून हेरवाडकरांच्या हातात दिला. पाना जेमतेम चार बोटं लांब होता. दांडा मध्येच संपलेला.

"हा मोडलाय."

"मोडला न्हाई. कापलाय."

"कुणी?"

"मी. करवतीनं."

"चांगला पाना कापला? कशाला?"

"माज्या हातासाठी." मिस्त्रींनी आपला उजवा तळहात उघडून दाखवला. रुंद, काळपट, मधल्या बोटाचं पेर वाकडं. "उमेदीच्या काळात सात चेंबरं खाल्ली ह्या हातानं. दरवेळी वाटायचं, अजून जरासं. दांडा लांब आसला की हाताला थांबायचं कळत न्हाई."

हेरवाडकर गाडीखाली शिरले. मिस्त्री त्यांच्या शेजारी, फरशीवरच उताणे पडले. सत्तरीचे दोन म्हातारे. गाडीखालून चार पाय बाहेर आले होते, आणि बाकावरून वाकलो की मला नटावरचे हातही दिसत होते.

"हातानं लावा आदी. सरळ. हां... आता पाना घ्या. अर्धा येढा पुढं."

"झाला."

"पाव मागं."

"मागं कशाला? सुटेल की."

"सुटत न्हाई. मागं घेतला की कीस पडून जातोय. नुसता पुढंच रेटला की चेंबर फाटतंय."

अर्धा पुढं, पाव मागं. अर्धा पुढं, पाव मागं. बराच वेळ चाललं होतं. मग नट बाहेर काढून, पुसून, त्याच्या गळ्यात मिस्त्रींनी तांब्याचं एक पातळ कडं घातलं.

"हे वायसर. हे नवंच घालायचं, दरवेळी."

"एवढं मऊ? नखानं ओरखडा उठतोय."

"मऊ हाय म्हणून तर गळत न्हाई. लावा."

हेरवाडकरांनी लावला.

"टेकला?"

"टेकला."

"आता चिमूटभर... बास."

पण हेरवाडकरांचा हात थांबला नाही. पुढं थोडासा सरकलाच.

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी हात लांब करून नट पूर्ण सोडवला, कडं काढून फेकलं, दुसरं नवं घातलं.

"परत."

दुसऱ्यांदाही तेच झालं. चिमूटभर झाल्यावर आणखी चिमूटभर. मिस्त्रींनी पुन्हा नट सोडवला, पुन्हा नवं कडं घातलं. गॅरेजातल्या पोऱ्यानं माझी स्कूटर केव्हाच तयार करून उभी केली होती, पण मी तिथून हललो नाही.

"परत."

तिसऱ्यांदा मिस्त्रींनी "बास" म्हणायच्या आधीच पाना थांबला.

"हे सैल आहे हो," ते म्हणाले.

"सैल न्हाई. तुमाला सैल वाटतंय."

दोघं बाहेर आले. तेल ओतलं. मिस्त्रींनी गाडीखाली वर्तमानपत्राचं पान पसरलं आणि इंजिन चालू केलं. दोघं ओणवे होऊन कागदाकडे बघत राहिले.

एक मिनिट.

पाच मिनिटं...

कागद कोरडा होता.

हेरवाडकरांचा हात आपोआप पान्याकडे गेला. मिस्त्रींनी ते पाहिलं, पण अडवलं नाही. हात पान्याला लागला, क्षणभर तिथंच राहिला, आणि मग त्यांनी हात उचलून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

तेवढ्यात हेरवाडकरांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकर लावूनच बोलतात.

"बाबा, उद्या येताय ना?"

"येतोय."

"गाडी ठीक आहे?"

हेरवाडकरांनी तोंड उघडलं. त्यांना काय काय सांगायचं होतं ते सगळं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चाकांतली हवा, रेडिएटरचं पाणी, घाटातला गिअर, बाळाला मागं बसवायचं की पुढं. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री हात पुसत होते, त्यांचं इकडं लक्षच नव्हतं.

"ठीक आहे. नऊपर्यंत पोचतो."

"...बरं." पलीकडे ती वाट बघत होती. "अजून काही?"

"नाही."



"बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," ते म्हणाले, आणि पाठ फिरवून रस्त्याकडे बघू लागले. "आईच्या हातची खोबऱ्याची वडी आणतो. तुला आवडते ती."

"आणा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बाळ बसायला लागलंय, बाबा. तुम्हाला दाखवायचं होतं."

फोन ठेवल्यावर हेरवाडकर बराच वेळ तसेच पाठमोरे उभे राहिले. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं.

निघताना हेरवाडकर गाडीत बसले, दार लावलं आणि मग काच खाली केली. स्वभाव इतक्यात थोडाच जातो.

"मिस्त्री, पाच हजार किलोमीटरला पुन्हा तेल बदलावं लागेल. केतकी रविवारी फोनवर म्हणाली होती, गाडीची कामं आता मीच शिकणार. तिला काय जमतंय? तेव्हा मीच जाऊन करून येईन. निपाणी काही लांब नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. नाही.

"मग तिला तुमच्याकडे पाठवू?"

पुन्हा नाही.

"अहो, मग करणार कोण? तिच्या हातून वाकडा बसला तर? सैल राहिला तर? वाटेत तेल गळलं तर?"

मिस्त्री खिडकीजवळ आले. तेलकट हात गाडीला लागू नये म्हणून त्यांनी कोपर टेकवलं, आणि हळूच म्हणाले,

"गळू द्या की साहेब, येकदा तिच्या हातनं."