लाल इशाऱ्याचा रस्ता

आमची कंपनी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा प्राणवायू घसरला की डॉक्टरांच्या पडद्यावर लाल इशारा यायला हवा, एवढंच त्याचं काम. पण दहातला एक इशारा वाटेतच हरवत होता. टेस्टिंग करणाऱ्या कुंदा बिवलकरने अहवालात स्पष्ट ‘लाल’, म्हणजे धोका, असं लिहिलं. वरच्याला कडू काही द्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी खोड. टीम लीडने त्या लालचं पिवळं केलं, मॅनेजरने पिवळ्याचं हिरवं, म्हणजे सगळं ठीक. संचालक राजाध्यक्षांनी ते हिरवं पाहून उद्घाटनाच्या पत्रिकाही छापल्या. कुंदा मात्र मंजुरीची सही करायला तयार नव्हती.

"सगळं हिरवं असताना तू एकटीच का अडून बसलीस?" भर बैठकीत ते कडाडले. "दाखव काय बिघडलंय ते!"

कुंदाने मोठ्या पडद्यावर चाचणीचा खोटा रुग्ण लावला. त्याचा प्राणवायू नव्वदवर आला, मग सत्तरवर, मग पन्नासवर. पडद्यावरचा इशाऱ्याचा दिवा हिरवाच राहिला.

"अगं, माणूस मरतोय!" राजाध्यक्ष उठून उभे राहिले. "हिरवं कसं दाखवतंय हे?"

"साहेब, खाटेजवळून इशारा लालच निघाला," कुंदा शांतपणे म्हणाली. "आज मी त्याला फक्त आपल्या ऑफिसच्या रस्त्याने पाठवलं. टीम लीडच्या टेबलावर तो पिवळा झाला, मॅनेजरच्या टेबलावर हिरवा. माझा अहवालही याच रस्त्याने तुमच्यापर्यंत आला."

राजाध्यक्षांनी समोरची पत्रिका पालथी घातली.

"तुझा मूळ अहवाल आण," ते म्हणाले. "तुझ्या हाताने."