समोरच्या कंपनीपर्यंत रिक्षा

हिंजवडीतल्या एका बड्या कंपनीत त्या सकाळी निम्म्या मजल्याची कार्डं दारावर चालेनाशी झाली, तेव्हाच सगळ्यांना नोकरकपात आल्याचं कळलं. काचेच्या खोलीत कंपनीचे प्रमुख सबनीस आणि त्यांचे वकील बसले होते. एकेक जण आत जायचा आणि नोकरी सोडल्याच्या कागदावर सही करून मान खाली घालून बाहेर यायचा.

शलाका उंबरकरची पाळी आली. डोक्यावर घराचे हप्ते होते.

"तुझं काम कच्चं आहे," सबनीस म्हणाले. "कच्च्या माणसाला भरपाई मिळत नाही. आणि हो, वर्षभर समोरच्या स्पर्धक कंपनीत नोकरी धरायची नाही. कर सही."

शलाकाने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"सर, समोरची कंपनी बुडावी असं तुम्हाला वाटतं ना?"

"वाटणारच!"

"मग माझ्यासारखी कच्ची बाई तिथे गेली तर तुमचाच फायदा. अडवताय कशाला? स्वतः रिक्षा करून सोडा मला! आणि मी तिथे जाण्याची धास्ती वाटत असेल, तर माझं काम कच्चं कसं?"

सबनीसांनी वकिलांकडे पाहिलं.

"साहेब," वकील हळूच म्हणाले, "काम कच्चं आणि वर ही बंदी, दोन्ही गोष्टी कोर्टात एकदम नाही टिकायच्या. एक खोडा."

खिडकीतून समोरच्या कंपनीची पाटी दिसत होती. तिच्याकडे बघत सबनीसांनी 'काम कच्चं' खोडलं आणि भरपाई लिहून दिली.

शलाका बाहेर आली. रांगेतल्या पुढच्या माणसाने घाबरतच विचारलं, "आत जाऊन काय बोलू?"

"काही नाही," ती म्हणाली. "फक्त समोरच्या कंपनीपर्यंत रिक्षा मागा."