भिंतीवरून आलेली परदेशी पाहुणी

पक्ष्यांचं राज्य होतं, तेव्हा हवाई खातं आम्हा कोंबड्यांकडे होतं आणि मंत्री होते मी. माझी सर्वांत लांबची झेप उकिरड्यापासून शेजारच्या राज्याच्या भिंतीपर्यंत. पण खातं मिळालं की अक्कल मागोमाग येते, असा माझा समज होता.

दर हिवाळ्यात दूरदेशचे करकोचे आमच्या तळ्याकाठी उतरत. ते सांडलेला हरभरा टिपत आणि चिखल उकरत. उकरताना वर येणाऱ्या किड्यांवर आमची पोटं भरत. मी मंत्री झाल्या झाल्या आपला हरभरा वाचवायला परदेशी चोचींना दाणाबंदी केली. वर पाहुण्यांचे पाय मळू नयेत म्हणून सगळा चिखल बुजवून झकास फरशी घातली.

उद्घाटनाचा नारळ फुटला, तेवढ्यात थवा आला आणि वरच घिरट्या घालू लागला.

"उतरा की पाहुणे!" मी हार उंचावून ओरडले.

"बाई, दाणा टिपायचा नाही, उकरायला चिखल नाही," म्होरक्या करकोचा म्हणाला. "मग उतरून काय फरशी चाटायची?"

थवा पुढच्या तळ्याकडे निघून गेला.

"मंत्रीबाई, नारळ फुटलाय," आमचं सचिव बदक कुजबुजलं. "आता कुणीतरी उतरायलाच हवं."

मग मीच त्या भिंतीवर चढले आणि पंख फडफडवत फरशीवर उडी मारली. टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंत परक्या राज्याची, म्हणून पहिली परदेशी पाहुणी मीच ठरले आणि हार माझ्याच गळ्यात पडला.

किडे फरशीखाली अडकले होते. संध्याकाळी मी तो हारच खाल्ला.